गप्प बसणाऱ्यांकडे एक आठवडा

क्वेकर म्हणजे कोण, असं मला कुणी विचारलं तर मी आधी त्यांच्या भांडी घासण्याबद्दल सांगेन. त्यांच्या उन्हाळी शिबिरात जेवणं उरकली की ज्यांची पाळी असेल ती मुलंमुली स्वयंपाकघरात घुसतात, कुणीतरी गाणं धरतं, बाकीचे त्यात आपापला सूर मिसळतात आणि शंभरावर माणसांची ताटं त्या तालावर धुऊन-पुसून कपाटात जातात. कुणाला ओरडावं लागत नाही. हीच पोरं स्वतःच्या घरी चहाचा कप सिंकपर्यंत नेत नाहीत, हे मी एका पोरीची आई म्हणून खात्रीने सांगू शकते.

धर्माचं म्हणाल तर हा एक ख्रिस्ती पंथ, पण त्यांच्याकडे पाद्री नाही, मूर्ती नाही, घंटा नाही. खुर्च्या गोल मांडायच्या आणि तासभर गप्प बसायचं. आतून काही बोलावंसं वाटलं तर उभं राहून बोलायचं आणि परत बसायचं. त्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही की वाद घालत नाही. वेळ संपली की शेजाऱ्याशी हात मिळवायचा, झाली उपासना. दर उन्हाळ्यात ही मंडळी सुट्टीत रिकाम्या पडलेल्या एखाद्या निवासी शाळेत आठवडाभर एकत्र राहतात. त्यात लहानांचे गट वेगळे आणि मोठ्या मुलांचे वेगळे. माझी मुक्ता तिच्या शाळेतल्या हॅनाबरोबर तीन वर्षं तिथे जाते आहे. मुक्ता क्वेकर नाही, आमच्या मंडळाच्या गणपतीत झांजा तीच वाजवते, पण तिथे त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

यंदा हॅनाच्या आईचं मनगट मोडलं, तिथल्या स्वयंपाकघरात दोन हात कमी पडले आणि त्यांनी मला फोन केला. मी ऑफिसात सुट्टी टाकली. ‘आई, तू ये ना’ असं मुक्ता म्हणाली नव्हती, हेही इथेच सांगून टाकते.

म्हणायचं कारणही नव्हतं, कारण आमचं बिनसलं होतं. मुक्ता नुकतीच अठराची झाली, शाळा संपली. मे महिन्यात एके दिवशी जेवता जेवता तिने जाहीर केलं, की युनिव्हर्सिटी एक वर्ष पुढे ढकलणार आणि ते वर्ष मिरजेला राहणार. मिरज हे माझं माहेर. माझी ताई तिथे एका शाळेत शिकवते. मावशीकडे राहायचं, त्या शाळेत मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचं, असं मावशी-भाचीने फोनवर परस्पर ठरवलंसुद्धा होतं. मी ‘नाही’ म्हटलं. निखिल म्हणजे माझा नवरा म्हणाला, “अगं, जाऊ दे की, वर्षाचा तर प्रश्न आहे.” त्यालाही मी गप्प केलं. अठरा वर्षांची पोरगी, तिकीट काढून निघाली असती तर मी काय करणार होते? पण तिला माझा होकार हवा होता आणि तो माझ्या तोंडून निघत नव्हता.

गंमत बघा. वीस वर्षं इंग्लंडात, रीडिंग गावात काढली, पण मिरज आठवली नाही असा दिवस नाही. परत जाऊ, परत जाऊ हे पालुपद आमच्या घरात माझंच. मुक्ताला लहानपणी मी मिरजेच्याच गोष्टी सांगून झोपवलं. आणि आता ती खरोखर जाते म्हटल्यावर मीच आडकाठी घातली. का, ते मला सांगता येत नव्हतं. म्हणून मी ऊन, डास, अ‍ॅडमिशन, वाया जाणारं वर्ष अशी कारणं एकामागून एक पुढे करत होते.

शनिवार, वाटेत

रीडिंगहून श्रॉपशरपर्यंत मी गाडी चालवली. मागच्या सीटवर मुक्ता आणि हॅना, दोघींच्या कानात एकाच फोनची गाणी. आपल्याकडे घरात माणूस गप्प असलं की त्याला अबोला म्हणतात, आणि तो कुणावर तरी धरलेला असतो. माझ्यावरचा अबोला मी मोटरवेभर आरशात बघत होते. हॅना बिचारी मधूनमधून मला चिप्स देत होती.

मोटरवे सुटल्यावर रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं आणि मग एकदम टेकड्या. ऑगस्टमध्ये त्या टेकड्या हेदरच्या फुलांनी जांभळ्या होतात. मेंढ्या आपल्याच मालकीचा रस्ता असल्यासारख्या मधे उभ्या होत्या. शाळा दगडी, जुनी, पुढे मोठी हिरवळ. गाडी थांबते न थांबते तोच मुक्ता उतरून पळाली आणि पोरापोरींच्या एका घोळक्यात गडप झाली. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते, दोनतीन जण रडतही होते. वर्षभराने भेटतात ना. मी डिकीतून तिची बॅग काढत उभी राहिले. माझ्या मुलीची इतकी वाट बघणारी माणसं जगात आहेत आणि मला त्यांतल्या एकाचंही नाव माहीत नाही, हे मला फार लागलं.

स्वयंपाकघर मार्गारेटच्या ताब्यात होतं. वय पंचाहत्तरच्या पुढे, निवृत्त शिक्षिका, सँडलमध्ये लोकरी मोजे. तिथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. सहा वर्षांचं कार्टंसुद्धा तिला ‘मार्गारेट’ म्हणतं. मीही तसंच म्हणत होते, पण प्रत्येक वेळी मनातल्या मनात ‘बाई’ जोडत होते. जित्याची खोड, ती काय इंग्लंडमध्ये आल्याने जाते?

सोमवार

पहिले दोन दिवस मी लापशीसारखी पॉरिज ढवळली आणि मुकाट्याने बटाटे सोलले. जेवण शाकाहारी, भरपूर आणि गुळमुळीत. सोमवारी मार्गारेट म्हणाली, “शुभदा, आज दुपारी तुझी डाळ होऊन जाऊ दे.” मला तेवढंच हवं होतं. मोठ्या पातेल्यात मसूर शिजली. मी तेल तापवलं, मोहरी तडतडली, लसूण लाल झाला आणि अंदाज चुकून सुक्या मिरच्या जरा जास्तच पडल्या.

आपण ज्याला फोडणीचा वास म्हणतो त्याला तिथली यंत्रणा आग समजते. शाळाभर भोंगा वाजायला लागला. आणि वेळ नेमकी सामुदायिक मौनाची. सभागृहातून सगळे शांतपणे, रांगेने बाहेर हिरवळीवर आले. मीही आले, हातात डाव, वर भुरभुर पाऊस. आता सगळे माझ्याकडे बघणार, कुणीतरी हसणार, कुणीतरी नियम सांगणार, अशा तयारीने मी उभी होते. तर त्यांनी काय करावं? हिरवळीवर गोल केला आणि मौन पुढे चालू ठेवलं. शंभरावर माणसं पावसात डोळे मिटून उभी. मधूनच कुणाला तरी मिरचीचा ठसका लागे, तेवढाच आवाज.

बऱ्याच वेळाने मुक्ताच्या गटातली हिरव्या केसांची एक मुलगी बोलली, “मला भूक लागली आहे, आणि भूक लागणं किती छान आहे हे मला आत्ता कळलं.” एवढंच. पुन्हा शांतता. माझ्या समोर, गोलाच्या पलीकडे मुक्ता ओठ दाबून हसू आवरत होती. तिने माझ्याकडे बघितलं. शनिवारपासून पहिल्यांदा. डाळ मात्र तळाशी खरवडून संपली.

मंगळवार, मुलांची सभा

मोठ्या मुलांच्या गटाचा प्रमुख कॅलम. ग्लासगोचा, विशीतला, लालसर दाढी. त्याचं इंग्रजी समजायला मला पहिल्या दिवशी सबटायटल्स हवी होती. “आमची सभा बघायला बिस्किटं घेऊन ये,” असं त्यानेच सुचवलं.

विषय होता फोनचा. आठवडाभर सगळ्यांनी फोन टोपलीत टाकायचे की नाही? हात वर करून मोजणी करतील आणि मोकळे होतील असं मला वाटलं. पण या लोकांकडे मतदान नाहीच. एक मुलगी वही घेऊन बसलेली. ज्याला बोलायचं तो हात वर करतो, ती नाव घेते, तो बोलतो, मग सगळे जरा गप्प. बोललेलं नीट खाली बसू देतात. बहुतेकांना फोन नको होते. एका मुलीची आजी इस्पितळात होती, तिला हवा होता. आपल्याकडे म्हणालो असतो, ‘बरं, तू ठेव, बाकीच्यांनी टाका.’ तेही चालेना, कारण मग ती एकटी पडेल. चहा गार झाला. शेवटी ठरलं, की फोन ज्याच्या त्याच्याकडे राहतील, पण बघायचा असेल तर जिन्याखालच्या बाकावर जाऊन बघायचा आणि त्या मुलीबरोबर रोज कुणीतरी तिथे बसायचं. वहीवाल्या मुलीने ते तिथल्या तिथे लिहिलं, वाचलं आणि विचारलं, “मान्य आहे?” सगळे म्हणाले, “होप सो.” हो नाही, ‘होप सो’. त्यांची तशी पद्धतच आहे.

मला आमच्या मंडळाची सभा आठवली. मोदक उकडीचे की तळणीचे, यावर हात वर करून निकाल लागला होता आणि तळणीवाले दिवाळीपर्यंत उकडीवाल्यांशी बोलत नव्हते. मीही तळणीवाली.

बुधवार, टेकडीवर

बुधवारी मुलांबरोबर मीही टेकडी चढले. हेदरच्या मधेमधे बुटकी झुडपं आणि त्यांना बारीक, निळीकाळी फळं. इथले लोक त्यांना विनबेरी म्हणतात. मुलांनी बसकण मारली आणि खायला सुरुवात केली. थोड्या वेळात सगळ्यांच्या जिभा, ओठ, बोटं जांभळी. मला राहवेना.

“मुक्ता, अगं, हे थेट करवंदांसारखं. आम्ही पन्हाळ्याला जायचो ना, तेव्हा बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसायच्या. आधी हिरवी की काळी यावरून ताई आणि मी—”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “द्रोण, मग मावशीचा फ्रॉकवर डाग पडला, मग आजोबा ओरडला. आई, तू हे खूप वेळा सांगितला. मला गोष्ट नको. मला ते खायचा आहे.”

तिचं मराठी असंच आहे, लिंगवचनाची भेळ. एरवी मी लगेच सुधारते. त्या दिवशी सुधारलं नाही. वारा सुटला होता, खाली वेल्सपर्यंत हिरवी शेतं दिसत होती, आणि मला इतकं भरून आलं की मी पाठ फिरवून फळं तोडत बसले.

उतरताना ती माझ्या शेजारी आली आणि इंग्रजीतच म्हणाली, की उद्या दुपारी तिने एक ‘क्लिअरनेस’ मागितला आहे. कॅलम, हॅना आणि मार्गारेट असतील. “तूही हवी आहेस. पण नियम पाळावा लागेल.”

गुरुवार

क्लिअरनेस म्हणजे काय, ते कॅलमने मला आधी समजावून सांगितलं. कुणाला काही ठरवायचं असतं आणि ठरत नसतं, तेव्हा तो चारपाच माणसांना बोलावतो. ती माणसं त्याच्याबरोबर गप्प बसतात आणि मधूनमधून प्रश्न विचारतात. फक्त प्रश्न. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही, समजूत घालायची नाही. आणि ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, तो प्रश्नही विचारायचा नाही.

मला वाटलं, यात काय अवघड? मी सॉफ्टवेअर तपासते, प्रश्न विचारण्याचाच मला पगार मिळतो.

शाळेच्या संगीताच्या खोलीत आम्ही पाच खुर्च्यांवर बसलो. मुक्ताने मिरजेचं सगळं सांगितलं. जायचंय, पण आईला दुखवून नाही, आणि म्हणून काहीच ठरत नाही. मग शांतता. मला ती दोन मिनिटंही सोसेना.

“तिथे एप्रिल-मेमध्ये केवढं ऊन असतं, तुला झेपणार आहे का?” मी विचारलं.

मुक्ताने कॅलमकडे पाहिलं. कॅलम माझ्याकडे बघून म्हणाला, “शुभदा, तुला याचं उत्तर माहीत नाही?”

मी ओशाळले. पुन्हा शांतता. पुन्हा माझंच तोंड उघडलं. “एक वर्ष मागे पडशील असं तुला नाही का वाटत?” या वेळी कुणी टोकण्याआधी माझं मलाच कळलं. आपल्या घरांत सल्ला असाच देतात की हो. ‘स्वेटर नको का घालायला?’ ‘इतक्या उशिरा कुठे जातेस?’ यातला एकही प्रश्न नसतो. माझ्या आईने मला जन्मभर असेच प्रश्न विचारले आणि मी ते मुक्ताला विचारत आले. नियम पाळायचा म्हटल्यावर माझ्यापाशी विचारायला काही उरलंच नाही.

हॅनाने विचारलं, “तिथे तुझं कुणाशी भांडण झालं तर तू कुणाला फोन करशील?” मुक्ता विचार करून म्हणाली, “तुला. मग आईला.” मार्गारेटने विचारलं, “हे वर्ष संपेल तेव्हा काय झालेलं असलं म्हणजे तुला बरं वाटेल?” मुक्ता म्हणाली, “तिथे मला कुणी रस्ता विचारावा आणि मला तो सांगता यावा.”

हे मला झोंबलं. मिरज माझी. तिथल्या रस्त्यांवर मी लहानाची मोठी झाले. तिथे हिचं काय? आणि त्याच क्षणी लक्षात आलं, की याचं उत्तर मला खरंच माहीत नाही. मी मराठीत विचारलं.

“मुक्ता, तिथे तुझं काय आहे गं?”

तिने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग तीही मराठीत बोलली, शब्द शोधत.

“माझा काही नाही. तुझा आहे. तू मावशीशी फोनवर बोलते ना, तेव्हा तुझा आवाज मोठा होतो. तू शिट्टी वाजवल्यासारखी हसते. फोन ठेवला की परत तू ही इथली आई होते. ती दुसरी आई मला माहीत नाही. ती तिथे राहिली. मला ती थोडी बघायची आहे.”

कॅलम, हॅना, मार्गारेट, कुणालाही यातलं अक्षर कळलं नव्हतं. कुणी ‘काय म्हणाली’ असं विचारलं नाही. ते नुसते आमच्याबरोबर बसून राहिले.

“आई, आता मी विचारू?” मुक्ता म्हणाली. “तुला का नको आहे?”

आणि मे महिन्यापासून जे मला सापडत नव्हतं ते तोंडातून सरळ बाहेर आलं. “कारण मला जायचंय. मला जायचंय, आणि जाणार तू.”

मी रडले. लपवलंही नाही. रडता रडता एकच आस लागली होती, की आता कुणीतरी म्हणावं, ‘मग तूही जा ना.’ घरी कुणीही म्हटलं असतं. ताईने म्हटलं असतं, निखिलनेसुद्धा म्हटलं असतं, आणि मग मी घराचे हप्ते, माझी नोकरी, निखिलचं गुडघ्याचं ऑपरेशन असं सगळं सांगून त्यांना पटवलं असतं की कसं जमत नाही. तिथे कुणी म्हणालं नाही. तिथे सल्लाच द्यायचा नव्हता. त्यामुळे नाही म्हणायलाही कुणी समोर नव्हतं, आणि मला स्वतःलाच ऐकावं लागलं, की मी जाणार नाही. मिरज मला आयुष्यभर हवी असेल आणि मी इथेच राहीन. वीस वर्षांत हे मी स्वतःला एकदाही सांगितलं नव्हतं. मार्गारेटने बाहीतून रुमाल काढून माझ्या हातात दिला. खिडकीबाहेर लहान मुलं दोरीवरून उड्या मारत होती.

शेवटी पाचही जणांनी एकमेकांशी हात मिळवले. ठरलं काय, ते कुणी विचारलं नाही.

परतीची वाट

शुक्रवारी संध्याकाळी ‘केली’ नावाचा स्कॉटिश समूहनाच असतो, तो झाला. फिडल, ढोल, आणि एकजण माइकवर पुढची पावलं ओरडून सांगणारा. मी दर वेळी उलट्या दिशेला वळले आणि कुणीतरी मला हाताला धरून सरळ केलं. मार्गारेट माझ्यापेक्षा चपळ निघाली. शनिवारी सकाळी निरोपाचं मौन, आणि मग हिरवळीवर पुन्हा गळामिठ्या आणि डोळे पुसणं. या खेपेला मला बऱ्याच जणांची नावं ठाऊक होती. हिरव्या केसांच्या मुलीने मला डाळीची कृती विचारली. मी सांगितली, मिरच्या मोजून.

आठवडाभर गप्प बसणाऱ्या माणसांत राहिले, आणि तिथून निघताना मला ती माणसं सोडवेनात. गाडीत बसले तरी कितीतरी वेळ किल्ली फिरवली नाही. मुक्ता पुढे माझ्या शेजारी, हॅना मागे, झोपलेली. टेकड्या मागे पडल्या, मोटरवे लागला. बर्मिंगहॅम ओलांडल्यावर मुक्ता म्हणाली, “आई, स्टेशनवरून मावशीच्या घरी कसा जायचा?”

ताई घ्यायला येईलच, रिक्षा असतात, असं काहीतरी मी म्हणणार होते. ते गिळलं आणि सांगायला लागले. स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ चालत सूट. रिक्षावाले मागे लागतील, लक्ष देऊ नको. लक्ष्मी मार्केटचं घड्याळ दिसेपर्यंत चाल. ते दिसलं की पुढे सतारी बनवणाऱ्यांची गल्ली, तिथे दारातच भोपळे वाळत टाकलेले दिसतील. ती ओलांडली की डावीकडे. मग एक पिठाची गिरणी लागते, लांबूनच वास येतो. मी चालत होते, गाडी आपली आपण जात होती. गिरणीपाशी उजवीकडे वळायचं, आणि तिथे कोपऱ्यावर—

मी थांबले. कोपऱ्यावर एक मोठी चिंच होती, तिच्याखाली सायकलवाला बसायचा. पण मागे ताई म्हणाली होती की रस्ता रुंद केला, बरंच काही पाडलं.

“कोपऱ्यावर काय?” मुक्ताने विचारलं.

“कोपऱ्यावर आता काय आहे?” मी म्हटलं.

“मला कसा माहीत?”

“मलाही नाही माहीत,” मी म्हटलं. “गेलीस की सांग.”